चालू स्थितीत

सोसायटीचा पुनर्विकास एकदाचा ठरला आणि माळ्यावरच्या खोक्यांचा प्रश्न ऐरणीवर आला. बिल्डर भाडं देणार होता ते दोन खोल्यांच्या जागेचं. त्यात आम्ही मावलो असतो. एकॉर्न, सिंक्लेअर, कमोडोर ही परदेशी मंडळी मावणं शक्य नव्हतं. बायको शांतपणे म्हणाली, "अहो, यांचंही भाडं बिल्डर देणार असेल, तर माझी काही हरकत नाही."

जुने कॉम्प्युटर द्यायचे आहेत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. आधी आला तो भंगारवाला. त्याने खोकी उचलून अंदाज घेतला आणि किलोचा भाव सांगितला. शिवाय, "आयसी वेगळे काढून दिले तर जास्त देईन," अशी पुस्तीही जोडली. त्याचं बरोबर होतं. जुन्या सिरॅमिक चिपांच्या पायांवर आणि झाकणांवर खरंच सोन्याचा मुलामा असतो, आणि तो उतरवणारी माणसं गल्लोगल्ली बसलेली आहेत. त्याच्या पाठोपाठ एक सजावटकार आले. त्यांना माझा मॅकिंटॉश हवा होता, पण फक्त खोका. आतलं सगळं काढून तिथे काच बसवायची, पाणी भरायचं आणि मासे सोडायचे. अशा मत्स्यटाक्या अमेरिकेत पुष्कळ झाल्यात म्हणे. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशच्या खोक्याला आतल्या बाजूने, गिऱ्हाइकाच्या नजरेला कधी पडणार नाहीत अशा जागी, तो घडवणाऱ्या माणसांच्या सह्या साच्यातच उमटवलेल्या होत्या. सह्या वाचायची सोय माशांना होईल, हे मान्य. मी सजावटकारांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

मित्रांचा आग्रह वेगळाच होता: "एखाद्या संग्रहालयाला का देत नाहीस?" पुण्यात राहणाऱ्या माणसाच्या मनात हा विचार येतोच, कारण दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने जन्मभर जमवलेला संग्रह शासनाच्या हवाली केला, त्याचं उदाहरण हाकेच्या अंतरावर आहे. तिथले अडकित्ते आणि दिवे पाहताना माझा जीव नेहमी रमतो. पण अडकित्ता बंद कपाटातूनही आपलं काम सांगतो. त्याची पाती पाहिली की सुपारी कशी कातरत असतील ते कळतं. बंद कॉम्प्युटर काहीच सांगत नाही. काचेमागे ठेवलेला सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम म्हणजे काळ्या प्लास्टिकची एक चपटी पेटी, आणि तिच्याखाली 'हात लावू नये'.

आणि जिथे हात लावू देत होते, तिथली गत काय झाली? मायक्रोसॉफ्टच्या दोन संस्थापकांपैकी एक, पॉल अ‍ॅलन, यांनी सिअ‍ॅटलमध्ये 'लिव्हिंग कॉम्प्युटर्स' नावाचं संग्रहालय काढलं. २०१२ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. तिथे जुनी महाकाय यंत्रं चालू असत आणि येणाऱ्याला त्यांच्यासमोर बसून काम करता येई. २०१८ मध्ये अ‍ॅलन वारले, २०२० मध्ये साथीमुळे दारं बंद झाली, ती पुन्हा उघडली नाहीत. २०२४ मध्ये त्या संग्रहातल्या कितीतरी वस्तू क्रिस्टीजच्या लिलावात गेल्या. स्टीव्ह जॉब्जच्या ऑफिसातला म्हणून ओळखला जाणारा अ‍ॅपल-१ सव्वानऊ लाख डॉलरांच्या वर विकला गेला. अब्जाधीशाचा संग्रह त्याच्यामागे सहा वर्षं टिकला नाही, तिथे माझ्या माळ्याची काय कथा! तेव्हाच माझं ठरलं. एका जागी, एका नावाने काही ठेवायचं नाही. एकेक यंत्र एकेका माणसाला द्यायचं, पैसे घ्यायचे नाहीत. अट एकच: त्याने ते चालवलं पाहिजे.

चालवायला देणार तर आधी चालतं करून देणं आलं. इथे थोडं थांबायला हवं, कारण जुन्या यंत्रांचा शत्रू धूळ आहे असा लोकांचा समज असतो. धूळ बिचारी निरुपद्रवी. खरा शत्रू आतच बसलेला असतो, बहुतेकदा उत्पादकाने सद्हेतूने बसवलेला. एकॉर्नच्या बीबीसी मायक्रोचंच बघा. केंद्र सरकारने १९८४ मध्ये 'क्लास' प्रकल्प काढून सुमारे अडीचशे शाळांत हे यंत्र पोचवलं होतं. माझ्याकडचं अशाच एका शाळेच्या अडगळीतून आलं. त्याच्या पॉवर सप्लायमध्ये, विजेच्या तारेलगतच, पिवळसर पारदर्शक वेष्टनाचा एक कपॅसिटर असतो. आत कागदाच्या घड्या. वर्षानुवर्षं पडून राहिला की वेष्टनाला केसाएवढ्या चिरा जातात, त्यांतून दमट हवा आत शिरते आणि कागद ती पिऊन घेतो. मग कुणी हौसेने बटण दाबतं. पाचदहा मिनिटं यंत्र छान चालतं, आणि अचानक फट्‌ आवाज होऊन पांढऱ्या धुराचा लोट उठतो. त्याचा वास पडद्यांना आठवडाभर सोडत नाही. यंत्राला सहसा काही होत नाही, पण माणसाचा धीर सुटतो आणि खोकं पुन्हा माळ्यावर जातं. म्हणून पहिलं काम म्हणजे तो कपॅसिटर उपटून नवा लावणं. अमिगाच्या वाढीव मेमरीच्या पाटीवर घड्याळ चालू ठेवण्यासाठी एक निकेल-कॅडमियमची बॅटरी असते, तीही अशीच. ती पाझरते, आणि तो क्षार तांब्याच्या रेघा हिरव्यानिळ्या करून खात सुटतो. बॅटरी कापून काढायची, डागावर व्हिनेगर फिरवायचं, मग स्पिरिटने पुसायचं. आमच्याकडे व्हिनेगर संपलं तेव्हा लिंबावर भागवलं.

पिवळ्या पडलेल्या खोक्यांना मात्र मी हात लावला नाही. प्लास्टिक लवकर पेटू नये म्हणून त्यात ब्रोमिनची संयुगं घालत, म्हणून ते पिवळं पडतं असं सांगतात. हायड्रोजन पेरॉक्साइड चोपडून उन्हात ठेवलं की पुन्हा उजळतं. हौशी मंडळींना याचा फार नाद. मला विचाराल तर हा म्हातारपणी केस रंगवण्याचा प्रकार आहे. ज्याला करायचा त्याने करावा.

स्पेक्ट्रम न्यायला आली ती इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी एक मुलगी. तिने कॅसेट नावाची वस्तू आजोळी पाहिली होती, वाजवली कधी नव्हती. १९८२ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडात निघालेलं हे यंत्र. रबरी कळा, ४८ किलोबाइट मेमरी आणि पडद्याऐवजी घरचा टीव्ही. रंगीत टीव्हीची पद्धत आपल्याकडेही पाल आणि तिकडेही पाल, म्हणून इंग्लंडहून येणाऱ्या नातेवाइकाने बॅगेत घालून आणलं तरी रंगीत चित्र दिसे. अमेरिकेतून आणलेल्या यंत्रांना इथले टीव्ही दाद देत नसत. पुढे परवाना घेऊन डेसिबेल्स कंपनीने त्याची सुधारित आवृत्ती भारतातही काढली. मी टेपरेकॉर्डरची तार जोडली, आवाज तीन चतुर्थांशावर ठेवला आणि तिला 'जे'ची कळ दाबायला सांगितली. एका कळीत 'लोड' हा अख्खा शब्द उमटला, याचंच तिला आधी नवल वाटलं. मग टेप सुरू झाली. पडद्याच्या कडेने लाल-आकाशी जाड पट्टे हळूहळू सरकू लागले आणि एकसुरी शिट्टी घुमली. क्षणभर खंड पडला, मग निळ्या-पिवळ्या बारीक रेषांची पळापळ, आणि त्या शिट्टीचा कर्कश खरखराट झाला.

"काका, हा आवाज म्हणजेच प्रोग्रॅम?"

"हाच. कान देऊन ऐक. कडेला दिसतोय तोही हाच."

पुरता भरायला पाचेक मिनिटं लागतात. मधेच टेप कुरकुरली, तर शेवटच्या क्षणी 'टेप लोडिंग एरर' म्हणून हात वर करतो. तेवढ्या वेळात मी तिला दुसऱ्या, उघडून ठेवलेल्या पाटीवरची गंमत दाखवली. क्लाइव्ह सिंक्लेअर हा काटकसरीत आपल्या कुठल्याही पेठेला हार न जाणारा माणूस. वरच्या ३२ किलोबाइटसाठी त्यांच्या कंपनीने ६४ किलोबिटच्या अशा चिपा घेतल्या, ज्यांचा अर्धा भाग तपासणीत नापास झाला होता. चांगला अर्धा वापरायचा, वाईट अर्धा तसाच पडू द्यायचा. कुठला अर्धा चांगला, हे पाटीवरच्या एका तारेच्या तुकड्याने ठरवायचं. त्या तारेकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे एटीकेटीवर पुढे ढकललेल्या चिपा!"

यंत्र तिला मिळालं ते या एका वाक्यावर. तिच्याआधी दोघांनी मागितलं होतं. त्यांनी इंटरनेटवर त्याची काय किंमत येते ते मला सांगितलं होतं.

कमोडोर माझ्याच वयाच्या एका गृहस्थांनी नेला. त्याच्या मूळ पॉवर सप्लायवर विसंबू नका, नवा घ्या, एवढं बजावलं आणि हातात ठेवला. त्यांना सगळं ठाऊक होतं.

सगळ्यांत रेंगाळलो ते एका साध्यासुध्या ४८६ पाशी. त्या यंत्राला संग्राहकांत काडीची किंमत नाही. पण त्याच्या पोटात जिस्ट कार्ड होतं. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं हे काम १९८८ नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं आणि डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटली. खुबी अशी, की हिशेबाचे नि नोंदींचे जे इंग्रजी प्रोग्रॅम लोक आधीच वापरत होते, त्यांतच मराठी टाइप करता येई. सगळ्या भारतीय लिप्यांना सामाईक संकेत, त्यामुळे एका कळीसरशी तोच मजकूर कानडी अक्षरांत दिसायचा. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, ही मांडणीही सगळ्या लिप्यांना एकच. आज फोनवर मराठीत भांडणाऱ्या कुणाला याची आठवण असण्याचं कारण नाही, पण मला आहे.

हे यंत्र न्यायला सांगलीकडचे एक निवृत्त ग्रंथपाल आले. त्यांच्याजवळ मोठ्या फ्लॉप्यांचा एक डबा होता. वाचनालयाची पुस्तकसूची कधीकाळी अशाच कार्डावर मराठीत भरलेली, मूळ यंत्र केव्हाच मोडीत निघालेलं. पुस्तकंही एका पुरात भिजून गेलेली. काय काय होतं हे आता त्या फ्लॉप्यांनाच ठाऊक. त्यांनी एक फ्लॉपी उजेडात धरली. खिडकीतून दिसणाऱ्या तपकिरी तबकडीवर पांढरे ठिपके होते. बुरशी. तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर हेड बुरसटतं आणि मागून येणारी चांगली फ्लॉपीही ओरबाडली जाते. आम्ही ब्लेडने वेष्टनाची कड उघडली, तबकडी अलगद बाहेर काढली, आयसोप्रोपिलने पुसली, वाळवली आणि दुसऱ्या वेष्टनात घातली. ड्राइव्ह दोनदा अडखळला. मग पडद्यावर 'ह. ना. आपटे' आले, त्यांच्याखाली 'अत्रे' आले, आणि पुढची ओळ अर्धवट चौकोनांत गेली.

"अत्र्यांच्या किती प्रती होत्या ते दिसतंय का हो?" ग्रंथपालांनी विचारलं.

परवा त्या मुलीचा फोन होता. तिने स्पेक्ट्रमचा टीव्हीसाठीचा मोड्युलेटर बाद करून चित्राची तार थेट बाहेर काढली होती, आणि टेपच्या जागी मेमरी कार्ड लावलं होतं. मी रागावलो. मूळ यंत्रात असा हात घालणाऱ्यांशी मी आयुष्यभर वाद घातलाय. शिट्टी नाही, पट्टे नाहीत, पाच मिनिटांची धाकधूक नाही, मग उरलं काय? तिने सगळं ऐकून घेतलं. काढलेले भाग डबीत नावं घालून ठेवलेत, म्हणाली. चित्र कसं येतं ते मी विचारलंच. "एकदम कडक, काका. आणि कॉलेजातली सहा जणं रोज बेसिकमध्ये काहीतरी लिहून बघतायत, त्यांना टेपसाठी थांबायला वेळ नाही."

खरं कारण पुढेच होतं. ग्रंथपालांचा ड्राइव्ह रुसलाय, त्यांनी परस्पर हिलाच बोलावलं होतं. शनिवारी सांगलीला चालली आहे. हेड साफ करायची ती खास डिस्क माझ्याकडे आहे का?

मी म्हटलं, त्या डिस्कच्या नादी लागू नकोस, हेड घासतं त्याने. आयसोप्रोपिल ने, काडीला कापूस गुंडाळ, आणि वरचं हेड उचलताना जोर लावू नकोस, त्याची पट्टी वाकते. झाकणाच्या मागच्या बाजूचा एक स्क्रू आखूड आहे, तो तिथेच परत लाव. लांब लावलास तर आतल्या पाटीला टेकेल.