उणे ते आधी सांगावे

मंडळी, आमच्या नातवाने एक छोटे साधन बनवले आहे. ब्राउझरच्या खिडकीत टर्मिनल उघडते आणि फोनवरून घरातल्या संगणकाला हुकूम देता येतात. सोर्स कोड सर्वांना खुला. पण इतर प्रोग्रामरांपुढे मांडायला तो कचरत होता. "आजोबा, अजून पासवर्डची सोय नाही. हसतील."

म्हटले, मग पहिल्या ओळीत तेच लिही. बिनपासवर्डचे टर्मिनल इंटरनेटवर ठेवणे म्हणजे घराची किल्ली चव्हाट्यावर टांगणे. वापरणाऱ्याला ते आधी कळायला हवे.

लिनस टोरवाल्ड्सने २५ ऑगस्ट १९९१ रोजी लिनक्सची खबर दिली, तीही हा आपला एक छंद आहे अशाच सुरात, आणि लोकांना काय हवे ते विचारले. आपल्या जिल्ह्यातल्या नेवाशाला १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवर एवढी टीका सांगितली, तरी उणे राहिले ते भरून घ्या, अशी श्रोत्यांनाच विनवणी केली. खुल्या कोडचे तरी याहून वेगळे काय?

रविवारी त्याने मांडले. दोन टोमणे आले. तिसऱ्याने मात्र पासवर्डचा कोडच लिहून पाठवला. असो.