कुर्ल्याच्या बाजारातील जुना ‘मेंदू’

मुंबईत कुर्ल्याहून कलिन्याकडे जाणाऱ्या सीएसटी मार्गावर जुन्या मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने लागतात. दारे, दिवे, गिअरबॉक्स यांच्या राशींत एक लहानशी चपटी धातूची पेटीही विकावयास असते. हा इंजिनाचा संगणक, अर्थात ईसीएम. नवा महाग पडतो, म्हणून गाडीमालक येथवर येतो.

जाणता ग्राहक आपली बिघडलेली पेटी सोबत आणतो, कारण दोहोंवरील क्रमांक अक्षरशः जुळावे लागतात. ते जुळले तरी इमोबिलायझर असलेल्या गाडीत परका संगणक मूळ किल्लीला ओळखत नाही. त्यांची जोडणी जाणकाराकडून करून घ्यावी लागते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठीकाठचा हा परिसर आणि असंख्य मोटारी बुडाल्या. भिजलेल्या पेटीचे कवच पुसून स्वच्छ दिसते. आतील गंज मात्र पुढे कधीतरी भर रस्त्यात इंजिन बंद पाडतो. तो ग्राहकाला दिसत नाही. म्हणून माल कोणत्या गाडीचा, ती कशी मोडीत निघाली, हे विचारण्याआधीच सांगणाऱ्या दुकानदाराची पत या बाजारात मालाइतकीच मोलाची ठरते.