आणखी एक लोकल

मी रेल्वेत उपनगरी गाड्यांच्या वेळापत्रकाचं काम करायचो हे कळलं, की समोरचा माणूस एकच मागणी पुढे करतो. लग्नात, सोसायटीच्या सभेत, सलूनच्या खुर्चीतसुद्धा. “साहेब, सकाळी आमच्याकडून आणखी एक लोकल सोडा ना!” निवृत्तीनंतरही ही मागणी माझा पिच्छा सोडत नाही. ती रास्तच आहे. लोकांना वाटतं, रेल्वेकडे गाड्या नाहीत. गाडी मिळवायला पैसे लागतात, पण ती मिळते. ती आणून परत फिरवायची कुठे, यावर मात्र आमची डोकी खर्ची पडतात.

स्टेशनवर टांगलेला आकड्यांचा तक्ता हे वेळापत्रकाचं शेवटचं रूप. आमच्या टेबलावर असतो आलेख. आडवी मांडलेली वेळ, उभी मांडलेली स्टेशनं आणि प्रत्येक लोकलची एक तिरकी रेघ. तिला आम्ही ‘पाथ’ म्हणतो. फास्टची रेघ उभट, स्लोची आडवट. एकाच रुळावरच्या दोन रेघांमध्ये साधारण तीन मिनिटांचं अंतर ठेवावंच लागतं, कारण सिग्नल त्याहून जवळ येऊ देत नाहीत. म्हणजे एका रुळावरून तासाला वीस गाड्या, तेही सगळ्या एकाच चालीने धावल्या तर. त्यात एक फास्ट घुसवली की ती पुढच्या स्लोला गाठते. तसं होऊ नये म्हणून तिच्यापुढे मोकळी जागा सोडावी लागते, आणि त्या जागेत मावणारी एखादी गाडी कायमची जाते.

म्हणून सीएसएमटी ते कल्याण स्लो आणि फास्ट यांचे रूळ वेगळे आहेत. कल्याणच्या पुढे मात्र कर्जतकडे आणि कसाऱ्याकडे वर्षानुवर्षं दोनच रूळ, आणि त्यांवरच लोकल, मेल आणि मालगाडीही. बदलापूर, टिटवाळा, वाशिंदची वस्ती वाढत गेली, रूळ तेवढेच राहिले. शिवाय कल्याणलाच दोन्ही फाटे एकमेकांची वाट कापतात. कर्जतकडून आलेली गाडी आत घेताना कसाऱ्याकडे जाणारीला थांबवावं लागतं, असे प्रसंग रोजचेच. विरारपलीकडेही तीच कथा. 2013 साली लोकल डहाणूपर्यंत गेली, पण तिला गुजरातकडे जाणाऱ्या गाड्यांच्या फटीतून वाट काढावी लागते.

खरी गोम शेवटच्या स्टेशनात असते. चर्चगेटला चार प्लॅटफॉर्म आहेत. स्लो, फास्ट, बोरिवली, विरार, सगळ्यांनी त्या चारांतच यायचं आणि तिथूनच जायचं. पंगतीसारखंच आहे हे: आधीचे जेवून उठल्याशिवाय, पत्रावळी उचलल्याशिवाय पुढची पंगत बसत नाही. गाडी आत आली, माणसं उतरली, नवी बसली, पलीकडच्या टोकाच्या केबिनमध्ये मोटरमन तयार झाला, सिग्नल मिळाला, शेवटचा डबा सांधे ओलांडून गेला. मग कुठे पुढची गाडी आत. एका गाडीने प्लॅटफॉर्म सहा मिनिटं अडवला, तर तासाला दहा गाड्या, चार प्लॅटफॉर्मवर चाळीस. हा झाला कागदावरचा हिशोब. बारा डब्यांची गाडी पाव किलोमीटरहून लांब असते, त्यामुळे गर्दीच्या वेळी आलेल्याच मोटरमनने चालत दुसऱ्या टोकाला जावं अशी चैन परवडत नाही. तिथे दुसरा माणूस आधीच उभा असावा लागतो.

एकेकाळी ही लाइन कुलाब्यापर्यंत जायची. 1930 च्या अखेरीस कुलाबा टर्मिनस बंद झालं आणि चर्चगेट शेवटचं स्टेशन ठरलं. कुलाब्याच्या त्या जागेवर पुढे बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत उभी राहिली. तिथे राहणाऱ्या साहेबांना मी कधी हे सुनावलं नाही, पण मनात यायचं.

हार्बरची अवस्था याहून बिकट. सीएसएमटीला अठरा प्लॅटफॉर्म आहेत, त्यांतले हार्बरच्या वाट्याला एक आणि दोन नंबर. पनवेलची, वाशीची, गोरेगावची, सगळ्या गाड्या त्या दोनांत. त्यात वडाळ्याला लाइन फुटते: एक फाटा कुर्ल्याकडे, दुसरा किंग्ज सर्कलवरून माहीमकडे. त्यामुळे काही गाड्या मुंबई न गाठता वडाळ्यातूनच परत फिरतात, आणि प्रवाशाला वाटतं, आपल्यालाच डावललं.

आता थांब्याकडे येऊ. लहान स्टेशनवर गाडी वीस-तीस सेकंद थांबते. तेवढ्यात उतरणाऱ्याला उतरायचंय, चढणाऱ्याला चढायचंय आणि दारातल्याला हलायचं नाहीये. दहा स्टेशनांवर दहा-दहा सेकंद जास्त गेले तर शंभर सेकंद झाले, म्हणजे तीन मिनिटांच्या अंतरातला निम्म्याहून जास्त भाग संपला. मागच्या मोटरमनला पिवळा दिसतो, मग लाल, आणि गाड्या एकामागे एक चिकटतात. कंट्रोलमध्ये याला ‘बंचिंग’ म्हणतात. 8 जून 2014 ला वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि घाटकोपरच्या गर्दीचा नूरच बदलला. मेट्रोचं कौतुक चालू होतं, तेव्हा आमच्यासारख्यांचे डोळे घाटकोपरच्या थांब्याच्या सेकंदांवर होते. संध्याकाळी ‘डाऊन करून’ येणाऱ्यांचंही तसंच. चर्नी रोडला उलट्या गाडीत बसून चर्चगेटला जायचं आणि तीच सीट धरून विरारला परतायचं. हे लोक आतच बसलेले असतात आणि बाहेरचे गाडी थांबायच्या आत उड्या घेतात, त्यामुळे उतरणाऱ्याला दारच मिळत नाही. मला या मंडळींचा राग येत नाही. दीड तास उभं राहायचं नसेल तर माणूस दुसरं काय करणार?

एसी लोकलवरून झालेला वादही या आलेखावर ठेवून पाहावा. पहिली एसी लोकल 25 डिसेंबर 2017 ला बोरिवलीहून चर्चगेटला निघाली. पुढे फेऱ्या वाढल्या, आणि ऑगस्ट 2022 मध्ये कळवा आणि बदलापूरला प्रवासी चिडून आंदोलनाला उतरले. मध्य रेल्वेला नव्या दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. लोकांनी त्याला गरीब-श्रीमंताचं भांडण म्हटलं. ते होतंच, पण मूळ कारण असं की गर्दीच्या वेळी रिकामा पाथ शिल्लकच नव्हता. एसी लोकल वाढवली नव्हती, साध्या लोकलच्या जागी बसवली होती. रोजची गाडी गेली आणि तिच्या वेळेला परवडणार नाही असं तिकीट आलं, तर कोण गप्प बसेल? माझ्या मते तो राग बरोबर होता.

पाथ वाढत नसेल तर गाडी लांब करा, हा जुना आणि सगळ्यात शहाणा उपाय. नऊ डब्यांचे बारा झाले, बाराचे पंधरा. पश्चिम रेल्वेवर पंधरा डबे 2009 मध्ये आले, मध्य रेल्वेवर 2012 मध्ये. त्याच पाथवर, तेवढ्याच मोटरमनमध्ये पाव पट जास्त माणसं जातात. पण त्यासाठी प्रत्येक प्लॅटफॉर्म लांबवायचा, सिग्नल सरकवायचे, रात्री गाड्या उभ्या करायच्या लाइनी वाढवायच्या. शेवटची कर्जत गेल्यापासून पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत दुरुस्तीला जेमतेम तीनेक तास मिळतात. तेवढ्यात हे उरकत नाही, म्हणून रविवारचा मेगाब्लॉक, आणि त्यातही न भागलं तर मोठे ब्लॉक. 2024 च्या मे अखेरीस ठाण्यात पाच नंबरचा प्लॅटफॉर्म रुंद करायला 63 तासांचा ब्लॉक घेतला होता. शिव्या भरपूर पडल्या. दोन-तीन मीटर रुंदीसाठी तीन दिवस, हे लोकांना पटत नाही. पण ठाण्याच्या त्या प्लॅटफॉर्मवर सकाळी नऊला उभा राहिलेला माणूस मला कधी या कामाविरुद्ध बोलताना भेटला नाही.

म्हणून आणखी एक लोकल मागणाऱ्याला मी हल्ली विचारतो, तुम्हाला मुंबईलाच जायचंय का? बऱ्याच जणांना जायचं नसतं. कल्याण-डोंबिवलीहून नवी मुंबईत कामाला जाणारे ठाण्याला उतरतात आणि ट्रान्स-हार्बरची गाडी पकडतात, त्यामुळे ठाण्याचे पूल तुंबतात. कळव्याहून थेट ऐरोलीला जोडणारा उन्नत मार्ग यासाठीच आखला गेला. रेल्वे मंत्रालय आणि महाराष्ट्र शासनाने 51:49 अशा भागीदारीत 1999 साली काढलेल्या मुंबई रेल्वे विकास महामंडळाकडे हे काम आहे. त्यातलं दिघा गाव स्टेशन जानेवारी 2024 मध्ये सुरूही झालं. कळव्याकडच्या टोकाला मात्र मार्गाच्या जागेवर घरं आहेत. त्या कुटुंबांना दुसरं घर कुठे द्यायचं, यावर काम अडत आलं आहे. कल्याण ते वाशी ही रेघ मी आलेखावर पाच मिनिटांत ओढून दाखवू शकतो.