पडद्यात अडकलेला उजेड

मंडळी, मोबाईलच्या ओएलईडी पडद्यात जन्मलेला बहुतेक उजेड बाहेर येतच नाही! आतल्या सेंद्रिय थरांचा अपवर्तनांक साधारण १.७. त्यामुळे लंबापासून ३६ अंशांहून जास्त कललेला किरण आतच परततो. सपाट रचनेत जेमतेम १७-२० टक्के सुटतो, बाकीच्यापायी आपली बॅटरी जळते.

आठवडाभर दुसऱ्यांच्या कोडातले बग काढल्यावर शनिवारी हे गणित बरं वाटतं. रेणू म्हणजे थरांत बसलेला इवलासा अँटेना. त्याच्या लहरीचे प्लेन वेव्हमध्ये तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा मॅट्रिक्सच्या गुणाकाराने थरांपार न्यायचा आणि शेवटी बेरीज. ऐकायला सोप्पं! पण थरांतच वाहत राहणाऱ्या लहरींपाशी भाजक शून्याला टेकतो आणि उत्तर उधळतं. मग इंटिग्रलची वाट कॉम्प्लेक्स प्रतलात जराशी वाकवायची. (हो, तेच कॉम्प्लेक्स इंटिग्रेशन, ज्याला आपण कॉलेजात शिव्या घातल्या.)

याच जातीचं इंटिग्रल सोमरफेल्डने १९०९ साली जमिनीवरच्या रेडिओ अँटेनासाठी मांडलं होतं. तिथे माती, इथे नॅनोमीटरचे थर, एवढाच काय तो फरक.

सध्या धातूचा इलेक्ट्रोड रेणूपासून लांब सरकवून बघतोय. फार जवळ असला की ऊर्जा धातूच्या पृष्ठभागालाच चिकटते आणि उष्णता होऊन संपते.