बार्शीहून निघालेला निबंध

तो दहा पानांचा आहे. २ एप्रिल २००९ रोजी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या ३६०व्या खंडात, पान १३८५ ते १३९४, त्याने जागा घेतली. बोलणं अगदी मोजकं, विशेषणांशी जवळजवळ वैर. विषय एकच : खेड्यातल्या बायकांना होणारा गर्भाशयाच्या मुखाचा, म्हणजे त्यांच्या भाषेत पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, एचपीव्ही विषाणूची चाचणी करून आवरता येतो का?

ठावठिकाणा विचारला तर तो तीन गावं सांगतो. फ्रान्समधलं लिओं, जिथे जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आहे. मुंबईचं टाटा मेमोरियल. आणि बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल. पहिली दोन नावं अशा कागदांवर नेहमीच असतात. मला ओढ आहे ती तिसऱ्याची. सोलापूर जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. तिथे १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तीन तालुक्यांतला रोगी आपणहून दवाखान्यात येत नाही, म्हणून कार्यकर्ते गावोगाव जायचे, कुणाला काय झालं, कोण कशाने गेलं, ते विचारून लिहून ठेवायचे. हा निबंध त्याच घराण्यातला. दार वाजवून विचारायची सवय त्याला तिथूनच लागली.

ऑक्टोबर १९९९मध्ये त्याचं काम सुरू झालं. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट, त्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ धडधाकट बायका. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे या गटांचे चार वाटे झाले. ३४,१२६ जणींच्या वाट्याला एचपीव्ही चाचणी आली, ३२,०५८ जणींच्या पॅप स्मिअर. ३४,०७४ जणींना पातळ ॲसिटिक ॲसिड लावून पांढरा डाग उमटतो का, ते डोळ्यांनी पाहायचं ठरलं. उरलेल्या ३१,४८८ जणींसाठी जे आधीपासून चालू होतं तेच चालू राहिलं. ज्या तपासणीचं नाव घरातही कुणी उच्चारत नाही, तिच्यासाठी एवढ्या बायका शेतातली कामं टाकून आल्या. त्यांना कुणी कसं समजावलं असेल, सासूने काय म्हटलं असेल, नवऱ्याला काय सांगून त्या निघाल्या असतील, याबद्दल निबंध गप्प आहे. त्याची ही एक गोष्ट मला खुपते. हे सगळं घडलं नसतं तर तो जन्मालाच आला नसता.

पण आकड्यांपाशी आला की त्याच्याइतकं स्वच्छ बोलणारं कुणी नाही. एचपीव्ही चाचणीच्या वाट्यात १२७ जणींना कॅन्सर निघाला, चौथ्या वाट्यात ११८. म्हणजे चाचणीने कॅन्सर कमी झाला असं नव्हे. फरक पुढे आहे. दुसऱ्या टप्प्यात किंवा त्याही पुढे गेलेले रोगी पहिल्या बाजूला ३९, दुसऱ्या बाजूला ८२. मृत्यू ३४ आणि ६४. चाचणीसुद्धा आयुष्यात एकदाच झालेली. पॅप स्मिअर आणि ॲसिटिक ॲसिड या दोन्ही वाट्यांत मृत्यूंत ठोस घट दिसली नाही, हेही तो लपवत नाही. आणि त्याच्याकडची सर्वांत मोलाची गोष्ट अशी : एचपीव्ही चाचणीत जिच्यात विषाणू आढळला नाही, तिला पुढच्या वर्षांत कॅन्सर होण्याचं प्रमाण अगदीच थोडं निघालं. बाकी दोन चाचण्यांत 'काही नाही' असं सांगितलेल्यांमध्ये ते चौपटीहून जास्त होतं. जिथे बाई पुन्हा येईलच याची खात्री नाही, तिथे एकदाच दिलेलं 'काही नाही' हे उत्तर खरं असणं ही केवढी मोठी गोष्ट आहे!

प्रकाशित झाल्यानंतर त्याचं दुसरं आयुष्य सुरू झालं, उद्धरणांचं. कोणत्या लेखाचा आधार कुणी घेतला याची पद्धतशीर नोंद यूजीन गारफील्ड यांच्या सूचीने १९६४ पासून ठेवायला सुरुवात केली. त्या हिशेबात हा निबंध हजाराच्या पुढे आहे. असा आकडा संशोधकाच्या नावापुढे लागतो, बढतीच्या अर्जात जातो. मला तो अपुरा वाटतो. कुणी पहिल्या परिच्छेदात देवांची नावं घ्यावीत तसं याचं नाव घेऊन पुढे जातं, कुणी आपल्या देशातली अख्खी तपासणी मोहीम याच्यावर उभारतं, कुणी याला जाब विचारतं. तिन्हींची नोंद सारखीच, एक. शिवाय उद्धरणात बहुधा पहिल्या लेखकाचं, शंकरनारायणन यांचंच नाव उरतं. बार्शीचे डॉ. भगवान नेने दुसऱ्या क्रमांकावर आहेत, टाटातले डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि बार्शीच्या नोंदणीसाठी खपलेल्या डॉ. कस्तुरी जयंतही यादीत आहेत. आकडा वाढताना ही माणसं आणि ते गाव मागे राहतं.

जाब विचारणाऱ्यांचं म्हणणं मी टाळून पुढे जाऊ शकत नाही. चौथ्या वाट्यातल्या ३१,४८८ जणींना माहिती दिली गेली, चाचणी नाही. त्यांतल्या ६४ जणी गेल्या. त्या वाट्याशिवाय ३४ या आकड्याला अर्थ आला नसता, हे खरं. तरी ज्या रोगावर चाचणी उपलब्ध आहे, तिथे कुणाला चाचणीविना ठेवावं का, हा प्रश्न त्या उत्तराने संपत नाही. निबंध ६४ हा आकडा उघड सांगतो, म्हणून मी त्याचा आदर करते. त्याला वाचणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने त्या आकड्यापाशी थांबलं पाहिजे.

त्याचं म्हणणं दूरवर पोचलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या धोरणात ७० टक्के स्त्रियांची पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा अचूक चाचणी व्हावी असं उद्दिष्ट ठेवलं. २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत एचपीव्ही डीएनए चाचणीला पहिली पसंती दिली. इकडे आपल्या देशात २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के.

जिल्ह्याचं नाव २०२३ साली धाराशिव झालं. निबंधात ते उस्मानाबादच राहील, छापलेलं बदलत नाही. १९९९मध्ये तिशीत असलेल्या बायका आता पन्नाशी ओलांडून गेल्या, त्यांच्या मुली चाचणीच्या वयाला आल्या आहेत. आईच्या अंगावरून सिद्ध झालेली गोष्ट लेकीच्या गावच्या आरोग्य केंद्रात मिळायला हवी. तिथे एचपीव्हीची चाचणी होते का, हे आजच विचारता येईल.