गिळलेलं नाणं आणि मशीनचा आवाज

"डॉक्टर, पोरानं रुपया गिळला!"

लहान मुलांच्या दवाखान्यात हे वाक्य नवीन नाही. तुमच्या घरात दोन-तीन वर्षांचं मूल असेल, तर हे वाक्य उद्या तुमच्याही तोंडी येऊ शकतं. म्हणून आज माझीच एक चूक, खरं तर होता होता राहिलेली चूक, तुम्हाला सांगतो.

मॉलच्या दारात सुरक्षारक्षक आपल्या अंगावरून काळा दांडा फिरवतो ना, तसलाच मेटल डिटेक्टर माझ्या टेबलाच्या खणात असतो. मुलानं नाणं गिळल्याची शंका असेल तर अनेक ठिकाणी डॉक्टर तो वापरतात. त्यातल्या तारेच्या वेटोळ्यातून सतत बदलतं चुंबकीय क्षेत्र बाहेर पडतं. जवळ धातू आला की त्या धातूत बारीक विद्युतप्रवाह फिरू लागतात, यंत्राला ते कळतं आणि ते वाजतं. क्ष-किरण नाहीत, सुई नाही, मुलाला काही कळतही नाही.

यंत्र सोपं आहे, कान तयार करणं सोपं नाही. सुरुवातीला ते कशालाही वाजायचं. पँटची चेन, हूक, आईच्या बांगड्या, आणि सगळ्यात मोठा घोटाळा म्हणजे माझं तपासणीचं लोखंडी टेबल! मग रोज दुपारी सिस्टर उशीखाली नाणं लपवायच्या आणि मी शोधायचो. आवाज कुठे सुरू होतो, कुठे थांबतो हे बघायचं. नाणं त्याच्या मधोमध. पंधरा दिवसांत हात बसला. पण कानावर विश्वास बसायला एक मुलगा यावा लागला.

चार वर्षांचा होता. संध्याकाळची वेळ. आईनं त्याला रुपया तोंडात टाकताना पाहिलं होतं. आजी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, दोन केळी चारलीत. आता सरकलं असंल खाली." मुलगा मजेत होता. लाळ गळत नव्हती, उलटी नव्हती, खोकला नव्हता. मीही मनात म्हटलं, पोटात गेलं असणार.

त्याला लाकडी स्टुलावर उभं केलं. पोटावर दांडा फिरवला, शांत. छातीवर शांत. गळ्याच्या खळगीपाशी आला आणि वाजला.

माझा पहिला विचार काय होता माहीत आहे? यंत्र चुकतंय. गळ्यात काळ्या दोऱ्यात ताईत होता, तो काढला. पुन्हा वाजलं. आईचा बांगड्यांचा हात त्याच्या खांद्यावर होता, तो बाजूला घ्यायला लावला. पुन्हा वाजलं, त्याच जागी. तरीही मी कागद पुढे ओढून लिहायला घेतलं, "काळजी नको, शीमधून पडेल." दोन केळी खाल्लेल्या, हसणाऱ्या मुलाच्या गळ्यात नाणं अडकलं असेल हे मनाला पटेना. पेन थांबलं ते सिस्टरांमुळे. त्या एवढंच म्हणाल्या, "सर, तीन वेळा एकाच जागी वाजलंय."

एक्स-रे काढला. अन्ननलिकेच्या अगदी वरच्या तोंडाशी रुपया आडवा बसला होता.

अन्ननलिकेत तीन जागा अरुंद असतात: घशाखालचं तोंड, छातीत महाधमनीचा बाक जिथून जातो ती जागा आणि जठराच्या वरचं दार. नाणी बहुतेक वेळा पहिल्याच जागी अडकतात. तिथे ते चपटं बसतं आणि कडेनं पाणी, केळं, भात जाऊ शकतो. त्यामुळे अडकलेल्या अनेक मुलांना सुरुवातीला काहीच त्रास दिसत नाही. मूल हसतंय, खातंय, म्हणजे नाणं खाली गेलं, हा आपला समज चुकीचा आहे. तो त्या दिवशी माझाही होता.

केळ्यांमुळे आणखी एक झालं. दुर्बिणीनं नाणं काढायला भूल द्यावी लागते आणि भूल द्यायला पोट रिकामं लागतं. त्यामुळे रात्रभर थांबावं लागलं. सकाळी नाणं निघालं, मुलगा दुपारी घरी गेला. मी तो अर्धवट लिहिलेला कागद फाडला नाही. अजून खणात आहे.

कानावर विश्वास न ठेवण्याची किंमत फार जुनी आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांना गोळी लागली. ती शरीरात कुठे आहे ते सापडेना. टेलिफोनचे अलेक्झांडर ग्रॅहम बेल स्वतः बनवलेलं यंत्र घेऊन आले. धातू जवळ आला की त्याच्या रिसीव्हरमध्ये आवाज यायचा. पण गादीतल्या स्प्रिंगांनी आवाजात गोंधळ केला. शिवाय गोळी उजवीकडेच आहे अशी मुख्य डॉक्टरांची खात्री होती, म्हणून शोधही उजवीकडेच झाला. १९ सप्टेंबरला गारफील्ड गेले. शवविच्छेदनात गोळी कण्याच्या डाव्या बाजूला सापडली. जखमेत न धुतलेली बोटं घातल्यानं झालेला जंतुसंसर्ग त्यांना भोवला, असं आज मानलं जातं. माझं लोखंडी टेबल आणि माझी "पोटातच असणार" ही खात्री आठवली की मला त्या खोलीत उभं राहिल्यासारखं वाटतं.

आता दुसरी बाजूही ऐका. आवाजावर विश्वास ठेवायचा, पण तो सांगतो तेवढ्यापुरताच. तो म्हणतो, "इथे धातू आहे." कोणता धातू, ते सांगत नाही. आपला २०१९ नंतरचा नवा रुपया २० मिलिमीटर रुंद आहे. रिमोटमध्ये, वजनकाट्यात असणारा मोठा बटन सेलही २० मिलिमीटरच! यंत्र दोन्हीला वाजतं. पण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतली त्वचा भाजू लागते. म्हणून यंत्र वाजो वा न वाजो, काय गिळलं ते कुणी नीट पाहिलं नसेल तर लगेच एक्स-रे. त्यात सेलची कडा दुहेरी कड्यासारखी दिसते. लहान टाचणी यंत्राला कळेलच असं नाही, हेही लक्षात ठेवा.

तुम्ही काय करायचं?

• घशात बोट घालू नका, उलटी करवू नका, पाठीवर उगाच थापट्या मारू नका. मात्र मुलाला श्वासच घेता येत नसेल, आवाज फुटत नसेल, तर ती वेगळी आणि तातडीची वेळ आहे.
• केळं, भाकरी, भाताचे गोळे देऊ नका. डॉक्टरांनी पाहीपर्यंत पोट रिकामं ठेवा.
• तसंच दुसरं नाणं घरात असेल तर सोबत आणा. सेलची शंका असेल तर त्याचं पाकीट किंवा ते खेळणं आणा आणि थेट मोठं हॉस्पिटल गाठा.
• लाळ गळणं, गिळता न येणं, छातीत दुखणं, धाप, उलटी, यातलं काहीही असेल तर थांबू नका.
• नाणं जठरात पोहोचलं असेल तर ते बहुतेक वेळा काही दिवसांत शीमधून पडतं. तरी डॉक्टरांनी सांगितलेली पुन्हा तपासणी चुकवू नका.
• एकापेक्षा जास्त चुंबक गिळले असतील तर मूल कितीही ठणठणीत दिसलं तरी लगेच या.

आणि घरी डिटेक्टर आणून स्वतः शोधत बसू नका. तुम्हाला वापरायचं यंत्र वेगळं आहे: आई म्हणाली "मी पाहिलं, त्यानं तोंडात टाकलं", तर तो आवाजच खरा माना. मुलगा हसतोय म्हणून तो बंद करू नका.