आमचा डिफरन्स

बेरीज हा माझा एकमेव गुण. गळा नाही, रूप तर नाहीच. पण लेजरच्या आकड्यांवरून माझी पेन्सिल अशी सरसर उतरायची, की साहेबसुद्धा बघत राहायचे. एकदा सतरा पैशांच्या डिफरन्सपायी रात्री अकरापर्यंत बँकेत बसलो. सापडला तेव्हा मॅट्रिक पास झाल्यासारखे पेढे वाटले!

अशा माणसाच्या पोटावर संगणक येणार म्हटल्यावर तो गप्प कसा बसेल? मोर्च्यात घोषणा माझी आणि घसाही माझाच. पण 1983 साली संघटना आणि बँका यांच्यात करार झाला, आणि पुढं यथावकाश आमच्या शाखेतही लेजर पोस्टिंगचं यंत्र प्लॅस्टिकची झूल पांघरून दाखल झालं. त्याला एसी, आम्हाला तोच कुरकुरणारा पंखा.

नातू सांगतो, 1946 साली जगापुढं आलेला अमेरिकेतला एनिॲक सुमारे तीस टनांचा होता. म्हणजे आमच्या शाखेत एकतर तो मावला असता, नाहीतर आम्ही! आता त्याहून कितीतरी हुशार यंत्र माझ्या सदऱ्याच्या खिशात असतं. ज्याला हटवायला निघालो, त्याच्याच जिवावर आज मुलाची पुण्यातली नोकरी चाललीय.

पेन्शन बिनचूक जमा होते. तरी दर महिन्याला पासबुकाची बेरीज मी पेन्सिलीनं पुन्हा करतो. अजून एका पैशाचाही डिफरन्स निघालेला नाही. मेल्यानं एकदा तरी चुकावं!

रात्री अकरापर्यंत बसायची माझी अजून तयारी आहे.